'ओळख रक्तातच असते' वाल्या फॉरवर्डबद्दल

एक फॉरवर्ड फिरतोय, बऱ्याच जणांनी 'अगदी खरं' म्हणून पुढे ढकललाय. म्हणणं असं की वांशिक ओळख रक्तातच असते, मोठं होताना आपोआप कळते, मुलांशी त्यावर बोलत बसलं की नसलेला भेदभाव डोक्यात शिरतो, आणि दोन संस्कृतींत वाढलेलं पोरगं धड इकडचं ना धड तिकडचं.

रक्ताचं आधी घेऊ. आईबाप, कातडीचा रंग हे जन्माने मिळतं, पण त्याचा अर्थ काय लावायचा हे कुठे मिळतं? जीन फिनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1989 साली अमेरिकेतल्या दहाव्या इयत्तेतल्या 91 मुलांवर अभ्यास केला, सगळी तिथेच जन्मलेली. अल्पसंख्याक गटांतल्या साधारण निम्म्या मुलांनी यावर स्वतः विचारच केला नव्हता, नाहीतर घरच्यांचं ऐकून तेच धरून बसलेली, पाव मुलं शोधाशोधीत आणि उरलेली पाव विचार करून एका मुक्कामाला पोचलेली. रक्तातच असतं तर एकाच वयाच्या पोरांत एवढा फरक कसा काय पडला बुवा? आणि विचार करून पोचलेली जी होती ना, ती मनानेही जास्त स्थिर निघाली. गंमत म्हणजे गोऱ्या मुलांना या टप्प्यांत नीट बसवताच आलं नाही. बहुसंख्य असलं की 'तू नक्की कुठला' हे कोणी विचारतच नाही, म्हणून मग आपोआप कळतं असं वाटत असावं.

बोलल्याने भेदभाव शिरतो म्हणे. केनेथ आणि मॅमी क्लार्क या जोडप्याने 1940 च्या आसपास 3 ते 7 वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, तर बहुतेकांनी खेळायला गोरी मागितली. आता त्यांना बसवून हे कोणी शिकवलं होतं का? आजूबाजूचं बघून उचललं त्यांनी. घरी गप्प राहिलात तरी बाहेरचं जग बोलतच असतं. हां, 'त्या लोकांवर विश्वास ठेवू नकोस' टाइप बोलणं वेगळं, त्याने नुकसान होऊ शकतं हे मान्य, पण आजी-आजोबा कुठून आले, का आले, हे सांगणं म्हणजे ते नव्हे.

आणि ते 'धड इकडचं ना धड तिकडचं'. 13 देशांतल्या, स्थलांतरित कुटुंबांतल्या 13 ते 18 वयाच्या 5000 हून जास्त मुलांचा मोठा अभ्यास 2006 साली आला, त्यात दोन्ही संस्कृती धरून ठेवणाऱ्यांचा गट सगळ्यात मोठा होता आणि एकूण सगळ्यात बरं त्यांचंच चाललेलं. ज्यांच्या वाट्याला भेदभाव कमी आला ती मुलं या गटात जास्त दिसली. म्हणजे अधांतरी वाटतं ते दोन संस्कृती आहेत म्हणून, की येताजाता कोणीतरी 'तू आमच्यातला नाहीस' ऐकवतं म्हणून, हे फॉरवर्डवाल्यांनी तपासलेलं दिसत नाही.