'लोकांनाच नको होतं' हे खरं नाही

"छोटे फोन, हेडफोन जॅक, काढता येणारी बॅटरी हे सगळं लोकांनाच नको होतं म्हणून गेलं, वॉटरप्रूफ फोन हवा तर एवढं सोडावंच लागतं, आणि पटत नसेल तर दुसरा घ्या ना, शेकडो मॉडेल्स आहेत" हे जे सगळीकडे फिरतंय ते वाचून राहवलं नाही.

आधी वॉटरप्रूफचं घ्या. २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस ५ आठवतोय? मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी हातात, आणि तरी आयपी ६७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुढच्याच वर्षी एस ६ आला, पाठ काचेची, बॅटरी सीलबंद, मेमरी कार्ड गेलं आणि वॉटरप्रूफपणाही गेला! मग बॅटरी पाण्यासाठी बंद केली हे कसं मानायचं? सील केलं की आयपी ६८, म्हणजे ६७ च्याही वरची पायरी, सोपं पडतं हे मान्य, पण सोपं पडणं वेगळं आणि दुसरा मार्गच नसणं वेगळं. २०२२ च्या गॅलेक्सी एक्सकव्हर ६ प्रो मध्ये काढता येणारी बॅटरी, जॅक आणि आयपी ६८ तिन्ही आहेत.

जॅकचं तर सरळ आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून तो काढला आणि त्याच कार्यक्रमात ॲपलने एअरपॉड्स हे आपले बिनवायरचे इयरफोन दाखवले. जॅक काढा अशी मागणी कुणी केलेली मला तरी आठवत नाही.

आता छोटे फोन, कारण याचाच मला जास्त त्रास होतो, माझा अंगठा आजच्या कुठल्याच फोनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. आयफोन १२ मिनी कमी खपला, खरंय. पण त्यात बॅटरी २२२७ एमएएच आणि साध्या १२ मध्ये २८१५, म्हणजे दिवसभर टिकेल का ही धास्ती फोनसोबतच विकत घ्यायची, आणि त्याच वर्षी काही महिने आधी आयफोन एसई हा दुसरा छोटा फोन आलेला, ज्यांना छोटा हवा होता त्यातल्या बऱ्याच जणांनी तो घेऊन टाकला असणार, आणि लोक काय दरवर्षी फोन बदलतात का? दोन मॉडेल्स काढून २०२२ ला नवा मिनी काढणंच बंद. फोन अख्खा घ्यावा लागतो हो, साइज एकाचा, बॅटरी दुसऱ्याची असं करता येत नाही, त्यामुळे तो खपला नाही यावरून साइज नको होता हे ठरत नाही. तिकडे आसुसचा झेनफोन १० हा ५.९ इंची, त्यात जॅकपण होता, पुढच्या वर्षी त्याच्या जागी आला ६.७८ इंचांचा.

राहिला "दुसरा घ्या" हा सल्ला. आयफोनला टाइप-सी चार्जिंग पोर्ट हवं म्हणून लोक वर्षानुवर्षं ओरडत होते, ॲपलच्याच आयपॅड प्रो ला ते २०१८ पासून होतं, पण आयफोनला मिळालं २०२३ मध्ये, युरोपियन युनियनने त्याचा कायदा केल्यावर. म्हणजे लोकांनी दुसरा फोन घेऊन नाही, कायद्याने.