एकेकटं नाणं तोलून काय कळतं?

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि नेमकी आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा मुद्दा असा : 'ग्लोरिया एक्झर्सिटस' ('सैन्याचा गौरव') छापाची, चौथ्या शतकातली चार रोमन तांब्याची नाणी तुम्ही काट्यावर ठेवली, वजनं आली 1.3, 1.6, 1.9 आणि 2.8 ग्रॅम. सरकारी टांकसाळ इतकी गलथान असूच शकत नाही, तेव्हा निम्मी तरी खोटी असणार. आणि 'वजनातला फरक म्हणजे खोटेपणा नव्हे' असं लिहून मी नवख्या संग्राहकांना फसवणाऱ्यांच्या तोंडी देतोय.

आधी तुम्हीच जोडलेला फोटो पुन्हा मोठा करून बघा. 2.8 ग्रॅमच्या नाण्यावर दोन सैनिकांच्या मध्ये दोन निशाणं (सैन्याचे ध्वज) आहेत. उरलेल्या तिघांवर एकच. छापाचे शब्द तेच, पण माप निराळं! दोन निशाणांचं नाणं इ.स. 330 मध्ये सुरू झालं, तेव्हा एका रोमन पौंडातून, म्हणजे सुमारे 324 ग्रॅम धातूतून, साधारण 132 नाणी पाडत. सरासरी अडीच ग्रॅमच्या आसपास. 335च्या सुमारास निशाण एक झालं आणि त्याच पौंडातून 192 नाणी निघू लागली, सरासरी 1.7. म्हणजे तुमची चौकडी मुळात एका रांगेत उभी करण्यासारखी नाहीच.

राहिला 1.3 ते 1.9चा फरक. टांकसाळीला हिशेब पौंडाचा द्यायचा होता, नाण्याचा नव्हे. ठरल्या धातूतून ठरलेली संख्या निघाली की काम झालं; एक चकती जाड, दुसरी पातळ, याची फिकीर कोण करणार? भाजीवाला किलोभर लिंबं देतो, तेव्हा प्रत्येक लिंबू वेगळं तोलत नाही, तसंच हे. सोन्याच्या सॉलिडसचं मात्र तसं नव्हतं. पौंडाला 72, प्रत्येकी साडेचार ग्रॅम, आणि हे एकेक नाणं तोललं जाई. देण्याघेण्यात सॉलिडसच्या वजनावरून तंटे होत, म्हणून ज्युलियन सम्राटाने 363 मध्ये शहरोशहरी अधिकृत तोलणारे नेमायला लावले. तांब्याच्या चिल्लरीसाठी एवढा खटाटोप कोणी केला नाही.

शिवाय आज काट्यावर येतं ते सोळाशे-सतराशे वर्षांनंतरचं वजन. झीज, मातीतला गंज, आणि वर आपल्याकडच्या हौशी मंडळींचं लिंबू-चिंचेने घासणं! तमिळनाडूत करूरच्या अमरावती नदीपात्रात मिळणारी उशिराच्या काळातली रोमन तांब्याची नाणी बघा, कित्येकांवर अक्षरंही उरलेली नाहीत. त्यांच्या वजनावरून टांकसाळीला शिस्त नव्हती म्हणणं अन्यायाचं होईल.

नकली नाणी नव्हतीच असंही नाही, भरपूर होती. 353नंतर गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा भाग) आणि ब्रिटनमध्ये 'कोसळता घोडेस्वार' छापाच्या चिमुकल्या नकला निघाल्या, काही एक ग्रॅमच्याही आतल्या. पण त्या ओळखतात ओबडधोबड चेहऱ्यावरून, विस्कटलेल्या अक्षरांवरून, सळईचे तुकडे छिनीने तोडल्यासारख्या कडेवरून. उलट आजचा ओतकाम करणारा ठग वजन अगदी नेमकं जुळवू शकतो. तेव्हा काट्याने पास केलेल्या नाण्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

तुमच्या 1.3वाल्याबद्दल एवढंच करा : सैनिकांच्या पायाखालच्या रेषेखाली टांकसाळीची अक्षरं आहेत का बघा, आणि कडेचा एक फोटो तिरप्या उजेडात काढून इथे टाका. त्यावर बोलू.