प्रेरणेचा रकाना

शॉर्टफिल्म बनवणं अवघड नाहीये, ती झाल्यावर जो फॉर्म भरावा लागतो तो अवघड आहे. फेस्टिव्हलवाल्यांना फिल्म पाठवायची म्हणजे नाव, लांबी, फ्रेम रेट, सबटायटल्स आहेत का, संगीताचे हक्क तुमच्याकडे आहेत का, इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं, आणि मग एक मोठ्ठा पांढरा रकाना येतो. 'दिग्दर्शकाच्या कलात्मक प्रेरणा'. याची शब्दमर्यादा माझ्या अख्ख्या स्क्रिप्टपेक्षा जास्त असते.

खरं उत्तर लिहायचं तर दोन ओळीत आटपेल. ट्रायपॉडचा एक पाय वर होत नव्हता, हिरोला संध्याकाळी लवकर जायचं होतं आणि शेजारी ड्रिल मशीन चालू होतं. फिल्म जशी दिसते तशी का दिसते याचं हेच एकमेव प्रामाणिक स्पष्टीकरण आहे. पण असं लिहायची पद्धत नाही. तिथे लिहायचं असतं की लहानपणी आजीच्या खोलीत कवडशात तरंगणारी धूळ बघितली आणि तेव्हाच मला सिनेमा कळला. प्रत्येक दिग्दर्शकाच्या आजीच्या खोलीत कवडसा कसा काय येतो हे मला कोडंय. आमच्या आजीची खोली उत्तरेला होती, तिथे दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागायची.

दुसरा मार्ग म्हणजे मोठी नावं टाकणे. जपानचा दिग्दर्शक ओझू कॅमेरा अगदी खाली लावायचा, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली, त्याच्या फ्रेम्स बघताना आपोआप आवाज खाली येतो आपला. माझ्याही फिल्ममधे कॅमेरा कायम खालीच आहे. आता यात ओझूचा वाटा किती आणि ट्रायपॉडच्या मोडक्या पायाचा किती हे मी कशाला कोणाला सांगू? एका परीक्षकांनी 'ओझूचा प्रभाव जाणवतो' असं लिहून पाठवलं, मी ट्रायपॉडला मनातल्या मनात नमस्कार केला आणि ते वाक्य कॉपी करून पुढच्या फॉर्ममधे टाकलं.

तसं बघायला गेलं तर या मोठ्या लोकांचंही काही वेगळं नव्हतं असं माझं मत होत चाललंय. मेलिएस, म्हणजे सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातला फ्रेंच दिग्दर्शक, सांगायचा की रस्त्यावर शूटिंग करताना त्याचा कॅमेरा मधेच अडकला, परत चालू होईपर्यंत समोरची बस निघून गेलेली आणि तिच्या जागी शववाहिनी आलेली, पडद्यावर बघितलं तर बसचीच शववाहिनी झाली, आणि त्यातून त्याला ट्रिक फोटोग्राफी सापडली. गोदार या दुसऱ्या फ्रेंच दिग्दर्शकाचा 1960 सालचा पहिला सिनेमा प्रमाणाबाहेर लांब झाला म्हणून त्याने सीनच्या मधलेच तुकडे उडवले, त्याला आज जगभरातली फिल्म स्कूलं जंप कट म्हणून शिकवतात. त्याच सिनेमात ट्रॉलीसाठी पैसे नव्हते म्हणून कॅमेरामनला व्हीलचेअरवर बसवून ढकललंय. मी पण चाकाच्या खुर्चीवर बसून ट्रॅकिंग शॉट घेतला. शॉट चांगला आलाय, फक्त त्या खुर्चीचं एक चाक अशा काही आवाजात किरकिरतं की हिरो कॉरिडॉरमधून उदासपणे चाललाय आणि मागून उंदरांची वरात निघालीय असं वाटतं. त्यावर पियानो टाकला. तरी ऐकू येतंच.

पैशाचा विषय निघालाच आहे तर आईचा किस्सा सांगायला हवा. मी एकदा मोठ्या उत्साहाने तिला सांगायला लागलो की बघ, दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलीचं रोज थोडं थोडं चित्रीकरण केलं, बी पेरल्यापासून वेल होईपर्यंत, आणि ती छोटीशी फिल्म दाखवून भांडवल मिळवलं, केवढी चिकाटी! आई म्हणाली, वा. मला थांबायला हवं होतं पण मी पुढे म्हणालो, आणि त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, स्वतःचे दागिने दिले गं गहाण ठेवायला. आईचा चेहरा जरा बदलला. मग मी, जणू त्याने बाजू भक्कम होणार होती, म्हणालो की सत्यजित रायांनी पण पहिल्या सिनेमाच्या वेळी बायकोचे दागिने गहाण ठेवले होते. आई उठली, आत गेली, कपाटाला किल्ली फिरवल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाली, "हं, बोल पुढे, चिकाटीबद्दल सांगत होतास." भारतीय सिनेमाचा इतिहास बायकांच्या दागिन्यांवर उभा आहे हे तिच्या तेव्हापासून पक्कं डोक्यात बसलंय आणि खरं सांगायचं तर मला ते खोडून काढता येत नाही.

तर फिल्म. गोष्ट साधीये, मुलगा घर सोडून चाललाय आणि वडील त्याला काहीच बोलत नाहीत, एवढीच. आधी त्यात पाऊस होता, रेल्वे स्टेशन होतं, गर्दी होती, स्वप्नात येणारा घोडा होता. एकेक करून सगळं गेलं. घोडा सगळ्यात शेवटी गेला, मी फार लढलो त्याच्यासाठी.

मुलाच्या भूमिकेत कॉलेजचा मित्र. त्याची दाढी बघूनच त्याला घेतला होता, विचारात पडलेला असल्यासारखी दाढी होती. अर्धं शूट झालं आणि पुढच्या रविवारी हा गुळगुळीत होऊन दारात उभा. नोकरीचा इंटरव्ह्यू होता म्हणे. मी बराच वेळ काही बोललोच नाही. राय 1952 साली पहिल्या सिनेमाचं शूटिंग करत होते तेव्हा काश नावाच्या गवताच्या फुलांच्या शेतात निम्मा सीन घेऊन गेले आणि उरलेला घ्यायला परत आले तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली, पुन्हा फुलं येईपर्यंत त्यांना थांबावं लागलं. ते थांबले. पण गवताला परत यायचं असतं हो, माझ्या हिरोला नोकरी लागली. आता तो दाढी वाढवणार नाही, वर ऑफिसात गोरागोमटा दिसतो म्हणून खूश.

मग उरलेला सगळा रोल पाठीमागून घेतला. खिडकीत उभा आहे, पाठ. बॅग भरतोय, पाठ. वडिलांशी भांडतोय, त्यातही पाठ, आणि हे मला लिहितानासुद्धा विचित्र वाटतंय पण तो भांडणाचा सीन पाठीमुळेच जमलाय, कारण चेहऱ्याने तो फार अभिनय करायचा. पाठीला करता येत नाही. (हिरोला हे अजून कळलेलं नाही. तो सगळ्यांना सांगतो की दिग्दर्शकाला माझी बॉडी लँग्वेज आवडली.)

आवाजाचा त्रास मात्र कोणालाही सांगून समजत नाही. चित्र वाईट आलं तर लोक त्याला शैली म्हणतात, आवाज वाईट आला तर उठून जातात. आपण राहतो त्या घरात किती गोष्टी गुणगुणत असतात हे माइक लावल्याशिवाय कळत नाही, फॅन, इन्व्हर्टर, घड्याळ, पाण्याची मोटर, आणि या सगळ्यांचा दादा म्हणजे फ्रिज. त्यात रूम टोन नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे शूट संपल्यावर सगळ्यांनी जागच्या जागी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करायची, कारण दोन कटच्या मधे अगदीच आवाज नसला तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला. हे मी घरच्यांना समजावलं. शूऽऽ, कोणी हलू नका, दार बंद करा, मोबाईल बंद करा, अरे तो पडदा धरा कोणीतरी असं बराच वेळ ओरडलो. आई म्हणाली, "शांतता भरून घ्यायला एवढा आरडाओरडा?" हे पण रेकॉर्ड झालं.

फ्रिजसाठी साउंडवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. टेक घेताना फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमधे ठेवायची, म्हणजे पॅकअपनंतर घरी जायला निघालेला माणूस किल्ली शोधत फ्रिजपाशी येतोच आणि फ्रिज चालू केल्याशिवाय जात नाही. काय डोकं आहे बघा! मला गाडी नाही. म्हणून मी बाबांच्या गाडीची किल्ली ठेवली.

बाबांना हे सांगण्याची गरज मला तेव्हा वाटली नाही, कारण ते झोपले होते. ते उठले, त्यांना बाहेर जायचं होतं, आणि किल्ली जागेवर नाही. आमच्या बाबांची किल्ली त्यांच्या आयुष्यात कधीच जागेवरून हललेली नाही, हा माणूस टीव्हीचा रिमोटसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो. ते हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि समोर कुठेतरी बघत राहिले. कपाळावर आठी नाही, राग नाही, काहीच नाही, नुसता एक माणूस आत कुठेतरी काहीतरी शोधतोय. वडिलांच्या भूमिकेसाठी जे गृहस्थ ठरले होते त्यांचा फोन सकाळपासून लागत नव्हता. कॅमेरा चालूच होता. मी किल्लीबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही.

ते हॉलमधे उभे राहिले, मग बेडरूमच्या दारात, मग खिडकीपाशी, मग मुलाच्या रिकाम्या पलंगाकडे बघत, म्हणजे खरं तर पलंगाखाली किल्ली पडलीये का ते बघत. सगळं मिळालं मला.

एडिटला बसलो तेव्हा कुलेशोव्ह या दिग्दर्शकाची आठवण झाली. 1920 च्या आसपासची रशियातली गोष्ट आहे, त्याने मोझ्झुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार क्लोजअप घेतला आणि तोच वेगवेगळ्या शॉट्सना जोडला, एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, एकदा बाई. सांगतात की बघणाऱ्यांनी नटाची वाहवा केली, भूक काय दाखवलीय, दुःख काय दाखवलंय! चेहरा तोच होता. लोकांनी आपापल्या मनातलं त्याच्यावर नेऊन ठेवलं. मी बाबांचा चेहरा घेतला आणि पुढे हिरोची भरलेली बॅग लावली. मग तोच चेहरा आणि रिकामा पलंग. मग तोच चेहरा आणि दरवाजातून बाहेर पडणारी गुळगुळीत नव्हे, पाठमोरी आकृती. रात्री अडीच वाजता ते सलग बघितलं आणि मला स्वतःलाच आवंढा आला, मला, ज्याला माहिती होतं की किल्ली कुठे आहे.

फिल्म दाखवली तेव्हा मागच्या रांगेतून हुंदक्याचा आवाज आला. नंतर चर्चा झाली. एक सर म्हणाले की मुलाचा चेहरा उत्तरार्धात नाकारणं हा धाडसी निर्णय आहे, पिढ्यांमधला दुरावा पाठीतून व्यक्त होतो. एका बाईंनी विचारलं की चालताना जो कर्कश आवाज येतो तो अपराधभावाचा आहे का. मी म्हणालो हो. काय म्हणणार? एवढं सगळं फुकट मिळत असताना चाकाला तेल नव्हतं असं सांगून लोकांचा विरस कशाला करायचा. मग सूत्रसंचालकांनी तो प्रश्न विचारलाच, प्रेरणा कोण? मी घसा साफ करून ओझूवर येतच होतो, पण माइक माझ्या हातात नव्हताच, तो बाबांच्या हातात होता.

बाबा वीस मिनिटं बोलले. भूमिकेत शिरण्याआधी आपण पात्राचा भूतकाळ मनाशी उभा करतो असं म्हणाले. त्या हॉलच्या सीनमधे आपण मुद्दामच काही केलं नाही, कारण दुःख दाखवायचं नसतं, असायचं असतं, हे पण म्हणाले आणि त्याला टाळ्या पडल्या. आई माझ्या शेजारी बसली होती, ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "किल्ली सापडली तेव्हा काय बोलले होते ते सांगू का उठून?" मी तिचा हात धरून ठेवला.

तेव्हापासून घरात शांतता नाही, रूम टोन तर लांबच. नातेवाइकांचे फोन येतात, बाबा स्पीकरवर ठेवून घेतात. पुढची फिल्म कशावर आहे हे मला माहीत नाही पण बाबांना माहीत आहे, त्यांनी स्वतःसाठी दीड पानांचं स्वगत लिहून ठेवलंय आणि त्यात दोन ठिकाणी कंसात 'हसता हसता रडतो' असं आहे. मी त्यांना घुमवून फिरवून सांगायचा प्रयत्न केला की बाबा, तुमची ताकद काही न करण्यात आहे. ते म्हणाले, "ती झाली पहिली फिल्म रे, आता रेंज दाखवायला नको?"

परवापासून रोज सकाळी बाथरूमच्या आरशासमोर प्रॅक्टिस चालू आहे. काल मी दाराच्या फटीतून बघितलं, ते डावी भुवई एकटी वर न्यायला शिकलेत. आणि गाडीची किल्ली आता कायम गळ्यात असते, दोरीला बांधून.