बर्फ राहू द्या, टेप आणा

मे महिन्यात सोलापुरात डांबराला चप्पल चिकटते, म्हणून स्कीइंग आपल्या नशिबी नाही असं मुळीच समजू नका. खेळायला बर्फ लागतो, कारभाराला नाही. या खेळाची जागतिक संघटना ‘फिस’ 1924 साली फ्रान्सच्या शामोनीत जन्मली. आज तिचं कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये, थुन तळ्याकाठी. तळं आपल्याकडंही आहे. कंबर तलावाजवळ एक खोली बघून ठेवा.

मग खुर्ची. पहिल्या शंभर वर्षांत अध्यक्ष फक्त पाच, त्यात मार्क होडलर एकटेच 47 वर्षं. आपण पतसंस्थेतल्या अण्णांना उगाच नावं ठेवतो! 2022 ला मिलानमध्ये योहान इलियाश हे एकमेव उमेदवार. काही देशांचे प्रतिनिधी सभेतून उठून गेले, चार संघटना क्रीडा लवादाकडं गेल्या. खुर्ची हलली नाही.

शेजारची संस्था कशी गिळायची, तेही शिकून घ्या. एकाच रुंद फळीवर बर्फात घसरणाऱ्या स्नोबोर्डवाल्यांची स्वतःची संघटना 1990 पासून होती. ऑलिम्पिकचा कारभार मात्र ‘फिस’ला मिळाला, म्हणून नावाजलेला स्नोबोर्डपटू तेरिये हाकोन्सेन 1998 च्या नागानो ऑलिम्पिकला गेलाच नाही. 2002 ला ती संघटना बंद पडली. त्यानंतर वीस वर्षांनी ‘फिस’नं आपल्या नावात स्नोबोर्ड घातलं. श्राद्ध उशिरा, पण केलं.

आता आपला विषय, कापड. स्की जंपमध्ये सूट ढगळ असला की हवा धरतो, उडी लांब जाते. म्हणून तिथं पंच मापं घेत फिरतात. 2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मिश्र सांघिक स्पर्धेत एका संध्याकाळी पाच मुली सूटापायी बाद झाल्या. मार्च 2025 मध्ये ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या पथकानं तर तपासून चिप लावलेल्या सूटात गुपचूप ताठ दोरा शिवला. कुणीतरी पडद्याआडून चित्रण केलं, शिवण उसवली, दोरा निघाला. लिंडविक आणि फोरफांग या खेळाडूंना तीन-तीन महिन्यांची बंदी; दोघं म्हणाले, आम्हाला माहीतच नव्हतं.

एका दोऱ्यासाठी एवढी धावपळ! इथं गल्लीगल्लीत यंत्रमाग खडखडतोय. आमचे मास्तर वीस वर्षं माझी पँट दोन इंच ढगळ शिवतात आणि एकदाही पकडले गेलेले नाहीत. तेव्हा संघात आधी त्यांना घ्या, खेळाडू नंतर बघू. पंच टेप घेऊन आलाच, तर मास्तर चष्मा कपाळावर सरकवून सांगतील, “धुतल्यावर आटतंय की ओ!”