शॉवरला प्रेशर नसणेबाबत

पुण्यात फ्लॅट घेताना जितकं वर जाल तितके पैसे जास्त. बिल्डर त्याला ‘फ्लोअर राइज’ म्हणतात. मजल्यागणिक चौरस फुटामागे थोडे थोडे रुपये चढत जातात आणि सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या थोड्या थोड्याचा आकडा ऐकून माणूस पाणी मागतो. बदल्यात वारा मिळतो, डास कमी चावतात आणि आभाळ स्वच्छ असेल तर गॅलरीतून सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो. शॉवरमध्ये पाणी मात्र येत नाही. म्हणजे येतं, पण आपल्या अंगावर यावं अशी त्याची काही इच्छा दिसत नाही.

आमच्या डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर गच्ची, गच्चीवर टाकी. हे ऐकून आल्यागेल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच, “टाकी एवढी जवळ! मग तुम्हाला तर फुल प्रेशर असेल!” पाणी फार लांबून आलं की दमतं, अशी लोकांची ठाम समजूत आहे. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका मला लिफ्टमध्ये भेटले की मुद्दाम विषय काढतात. “आमच्याकडे शॉवर अर्धाच सोडावा लागतो हो. पाठीला लागतं.” आणि मग पाठ चोळत दुसऱ्या मजल्यावर उतरतात. मला अजून चार मजले त्या वाक्यासोबत एकट्यानं काढायचे असतात.

जुना शॉवर साधा होता, वाटीएवढा. त्याच्याबद्दल कुणाच्या फारशा अपेक्षाही नव्हत्या. गेल्या दिवाळीआधी बाथरूमचं काम काढलं आणि टाइल्सच्या शोरूममध्ये बायकोला रेन शॉवर दिसला. आठ इंची चौकोनी चकचकीत पत्रा, खालून रबराचे बारीक दाणे. शोरूमवाल्यानं खटका दाबला आणि महाबळेश्वरचा जुलै सुरू झाला. भिंतीमागे कुठेतरी घुंईऽऽ असा आवाज येत होता, पण तो एसीचा असेल असं आम्ही दोघांनीही परस्पर ठरवलं. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘किमान दाब १ बार’ असं छापलं होतं. १ बार म्हणजे किती, हे विचारायला कोण शोरूममध्ये जातं?

घरी तो लागला. कॉक पूर्ण सोडला. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून अगदी निवांत सरकत एका कोपऱ्यात गोळा झालं आणि तिथून पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखी एकच धार लागली. तेव्हापासून आमच्याकडे आंघोळ म्हणजे डोकं, पाठ, खांदा असा एकेक अवयव त्या कोपऱ्याखाली नेणं. उरलेले तीन कोपरे कोरडे असतात. तिथे साबण ठेवला तरी चालतो.

त्यात गरम पाण्याची तऱ्हा निराळी. गार पाणी सरळ मिक्सरपर्यंत येतं. गरम पाणी गीझरमध्ये जाणार, तिथला वळसा घेणार, तिथल्या व्हॉल्व्हची परवानगी काढणार आणि मग येणार. मुळात प्रेशर तोळाभर, त्यातलं निम्मं त्या वळशातच जातं. त्यामुळे मिक्सरचा दांडा केसभर इकडे झाला की बर्फ आणि केसभर तिकडे झाला की धार बंद. एवढं करून पाण्याचा मेळ बसला, डोळ्यांवर साबण आला, की समोरच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी फ्लश ओढतं. गच्चीवरून उतरणारा पाइप आम्हा दोघांचा एकच. शेजाऱ्यांच्या पोटाचं वेळापत्रक मला जितकं पाठ आहे तितकं त्यांच्या डॉक्टरांनाही नसेल.

मे महिना आला आणि कोपऱ्यातली धारही बारीक झाली. समोरच्या काकूंनी दारातूनच निदान केलं, “क्षार. बोअरचं पाणी मिसळतात ना उन्हाळ्यात.” हे अगदी खरं होतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं असूनही उन्हाळ्यात आमच्या सोसायटीची भिस्त बोअरवर आणि टँकरवर. ते पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते.

मग शॉवर काढला. नटाला जुनं फडकं गुंडाळायचं आणि वरून पान्हा लावायचा, नाहीतर चकाकीवर दातांचे ओरखडे उठतात. नट सैल झाल्याबरोबर मानेतलं साठलेलं पाणी बाहीतून थेट बगलेत गेलं. गेल्या सहा महिन्यांत त्या शॉवरनं दिलेलं सगळ्यात जोरदार पाणी ते. आत वॉशर होता आणि वॉशरला बशीएवढी नाही, पण आठ आण्याएवढी जाळी. तिच्यावर तांबूस गाळ, वाळूचे चार कण, पीव्हीसीचा किस आणि प्लंबरनं गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपची एक पांढरी शेपटी. जाळी धुतली. रबराचे दाणे अंगठ्यानं चोळले की आतून क्षाराचे खडे कटकट मोडत बाहेर पडतात. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातलं तेवढंच सुख. उरलेलं काम व्हिनेगरचं. पत्रा मावेल असं पातेलं घरात एकच होतं, श्रीखंडाचा चक्का घुसळायचं. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे देत नाही. लिंबूफूल पाण्यात विरघळवलं तरी तेच काम होतं आणि घराला चायनीजच्या गाडीचा वास येत नाही, ही माहिती काकूंनी दुसऱ्या दिवशी दिली.

क्षार गेले, सगळी भोकं मोकळी झाली, नव्या टेफ्लॉनवर शॉवर परत चढला. आणि पाणी पुन्हा पत्र्याला चिकटून कोपऱ्याकडे निघालं. झालं असं की निम्मी भोकं बुजलेली होती तोवर उरलेल्यांच्या वाट्याला निदान थोडं थोडं पाणी येत होतं. आता तेवढंच पाणी सगळ्या भोकांत वाटायचं, म्हणजे कुणालाच काही नाही. समान वाटप म्हणतात ते हेच असावं.

अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला तेव्हा त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, “मामा, आत प्लॅस्टिकची चकती असेल बघ, रिस्ट्रिक्टर. उपटून टाक.” त्यांच्याकडे १९९२च्या कायद्यानं शॉवरमधून मिनिटाला अडीच गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण साडेनऊ लिटरपेक्षा, जास्त पाणी सोडायला बंदी आली आणि तेव्हापासून निम्मा देश चकत्या उपटतो आहे. खुद्द ट्रम्पतात्यांनी एप्रिल २०२५मध्ये शॉवरच्या प्रेशरसाठी अध्यक्षीय आदेश काढला. आपल्या सुंदर केसांना नीट आंघोळ लागते असं कारणही दिलं. मला त्या माणसाचं एरवी काही पटत नाही, पण त्या दिवशी क्षणभर आपुलकी वाटली. मी पुन्हा पान्हा घेऊन चढलो. चकती नव्हतीच. आमचं पाणी अडवायला वेगळी चकती लागेल असं कंपनीला वाटलं नसावं.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. “प्रेशरवाला शॉवर आहे का?” त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कितवा मजला?” सहावा म्हटलं. “सहापैकी?” हो म्हटलं. त्यानं काढलेलं खोकं पुन्हा फळीवर ठेवलं. “साहेब, शॉवर प्रेशर देत नाही. असलेलं वापरतो.” धंदा सोडून खरं बोलणारे दुकानदार फक्त आपल्याच नशिबी का येतात कळत नाही.

मग प्लंबर आला. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला, पट्टामुंडाईकडचा. देशातल्या कुठल्याही शहरात नळ गळायला लागला की तिथलाच कुणीतरी येतो, इतके प्लंबर त्या भागानं पुरवलेत. हा फार बोलला नाही. शॉवरकडे बघितलं, छताकडे बघितलं, गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, “साब, हाइट नहीं है.” दीडशे रुपये व्हिजिटचे.

हाइट हा शब्द ऐकला मात्र, आणि आतल्या खोलीतून सासरे बाहेर आले. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १२ जुलै १९६१ला, ते शाळकरी होते, पुण्यातच होते, आणि पाण्याच्या उंचीचा विषय त्यांच्यासमोर हलक्या आवाजात काढता येत नाही. “जावईबापू, टेप आणा.”

ऐंशी वर्षांचा माणूस मग बाथरूम, जिना आणि गच्ची अशा तिन्ही ठिकाणी टेप लावून आला. बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. टाकीची तोटी आपल्या फरशीपासून बारा फुटांवर. टाकी अर्धी भरलेली धरा, वर दोन फूट पाणी. चौदा. शॉवर सात फुटांवर. “म्हणजे तुमच्या वाट्याला आलं सात फूट पाणी. १ बारला लागतं तेहतीस-चौतीस फूट. झाले किती?” मी भागाकार करेपर्यंत त्यांनीच सांगितलं, “बारचा पाचवा हिस्सा. आणि दुसऱ्या मजल्याला तुमच्यापेक्षा चाळीस फूट जास्त. तुमच्या सातपट. पाठीला लागणारच त्याच्या!” पाणी किती आहे याला काही किंमत नाही, ते किती उंचावर उभं आहे याला आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं म्हणे पाण्यानं भरलेल्या पिंपात एक उंच बारीक नळी उभी करून तांब्याभर पाण्यानं पिंप फोडलं होतं. नाना ही गोष्ट अशी सांगतात की पिंप खात्याचं होतं.

थोडक्यात, मजल्यामागे जादा पैसे भरून मी मजल्यामागे दहा फूट पाणी गमावलं होतं. बिल्डरकडे ‘वॉटर फॉल’ म्हणून काही परत मिळण्याची सोय आहे का, असं मी नानांना विचारलं. त्यांना विनोद आवडला नाही.

उरला प्रेशर पंप. पंप म्हटलं की गच्ची आली, गच्ची म्हटलं की सोसायटी आली. अर्ज लिहिला. ‘विषय: शॉवरला प्रेशर नसणेबाबत.’ नानांच्या सांगण्यावरून सोबत आकृतीही जोडली. समोरच्यांची हरकत आली की पाइप सामाईक असल्याने पंप त्यांच्या वाट्याचं पाणी ओढून घेईल. नाना म्हणाले, हरकत शास्त्राला धरून आहे. घरचा माणूस विरोधी पक्षाची साक्ष देताना मी पहिल्यांदाच बघत होतो. टाकीखालचा चौथरा पाच फूट उंच करा, अशी पर्यायी मागणी आम्ही ठेवली, तर त्याला स्ट्रक्चरल ऑडिट हवं आणि ऑडिटला फंड हवा. अखेर सेक्रेटरींचं पत्र आलं. ते मी जपून ठेवलं आहे. ‘आपण वरचा मजला स्वखुशीने व पूर्ण माहितीअंती घेतला असल्याने सदर उंचीस संस्था जबाबदार नाही.’

“टाकी वर जात नसेल,” नाना त्या रात्री जेवताना म्हणाले, “तर शॉवर खाली आणा.”

आधी मला वाटलं चेष्टा आहे. पण खात्यातली माणसं हेडबद्दल, म्हणजे पाण्याच्या उंचीबद्दल, चेष्टा करत नाहीत. पट्टामुंडाईवाला परत आला. त्यानं हँड शॉवर लावला, छोट्या तोंडाचा, मोजक्या बारीक भोकांचा, आणि त्याचा हुक भिंतीत चार फुटांवर ठोकला. साताचे दहा फूट झाले. एका नव्या टाइलला तडा गेला, तो धरलेला नाही. वरचा चौकोनी पत्रा तसाच आहे, शोभेला. पावसाळ्यात त्यावर बायको मोजे वाळत घालते.

आता आम्ही प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून शॉवर घेतो. पहाटे टाकी काठोकाठ भरलेली असते, तेव्हा आणखी दोन फूट मिळतात, म्हणून नानांनी पहिला नंबर लावलाय. सात वाजता मी, आणि साडेआठला उठणाऱ्या मुलाला त्याच्या कर्माचं फळ. धार खरंच लागते. पाठीला लागते असं मी म्हणणार नाही, पण पाठीला कळते. पाहुणे मात्र बाथरूममधून जरा विचारात पडून बाहेर येतात. माझ्या साडूंनी तर थेट विचारलं, “लहान मुलांसाठी केलाय का?”

नानांचं एवढ्यावर समाधान नाही. परवा बाथरूममधून टेपची पट्टी सर्रकन आत गेल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ते बिलाच्या पाठीमागे काहीतरी मांडतच बाहेर आले.

“जावईबापू, अजून दीड फूट मिळतंय. हुक चारवरून अडीच फुटांवर घेतला तर साडेअकरा फूट हेड होतं. प्लंबरला बोलवा.”

बायको ओट्यापाशी कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

“नाना,” ती म्हणाली, “अडीच फुटांवर बादलीचा नळ आहे.”