‘तीन पिढ्या घेतोय, कोणाला काही झालं नाही’

काका, नमस्कार. मिल्क ऑफ मॅग्नेशिया, म्हणजे जळजळ आणि बद्धकोष्ठतेवरचं ते पांढरं पातळ औषध, त्यावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया अशी: शनिवार पेठेतल्या तुमच्या घरात तीन पिढ्या ही बाटली आहे, तुमच्या मातोश्री ऐंशीच्या पुढेही रोज रात्री घेतात, आणि मी किडनीचा बागुलबुवा करून लोकांना डॉक्टरांच्या दारात लोटतोय.

औषधाला मी नावं ठेवलेली नाहीत. चार्ल्स फिलिप्सने १८७३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, तेव्हापासून ते टिकलंय ते काही उगाच नाही. जळजळीला एक-दोन चमचे पुरतात, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पोटातलं आम्ल मारतं. तेच ३० मिलीच्या वर घेतलं, की न शोषलेलं मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून धरतं आणि कोठा साफ होतो. माझी हरकत ‘रोज रात्री’ला आहे.

थोडं मॅग्नेशियम रक्तात जातंच. धडधाकट माणसाची किडनी ते लघवीवाटे काढून टाकते. वय झालं, मधुमेह-बीपीने किडनी थकली, की ते साचायला लागतं. मग गळून जाणं, गुंगी, बीपी उतरणं. फारच वाढलं तर हृदयाचे ठोके मंदावतात. घरचे म्हणतात, ‘वयामुळे होतंय.’ तुमच्या आजोबांना पचलं ते त्यांच्या किडनीच्या जोरावर, बाटलीच्या पुण्याईने नव्हे!

आणि बाटली हलवता ना? लक्ष्मी रोडवर औषधाच्या दुकानात बसायचो तेव्हा गिऱ्हाईक हमखास तक्रार घेऊन यायचं: ‘आधी गुणच येईना, आता एकदम जुलाब.’ बाटली उजेडात धरली की तळाशी पांढरा गाळ. वरचं पाणी आधी पिऊन झालेलं, शेवटी सगळा ऐवज एकाच चमच्यात.

‘क्रेमाफिन घेतो, ते वेगळं’ असंही तुम्ही लिहिलंय. साध्या क्रेमाफिनमध्येही मिल्क ऑफ मॅग्नेशियाच असतं, जोडीला लिक्विड पॅराफिन.

मातोश्रींना थायरॉइडची गोळी चालू आहे, हेही तुम्हीच लिहिलंत. ती आणि हे औषध यांत निदान चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. आठवडाभर घेऊनही कोठा सुटत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच. त्याआधी मातोश्रींचा क्रिएटिनिनचा (किडनी कितपत काम करते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे, तेवढं फाइलीत बघा.