खाड्याचे पैसे कोण देणार?

गेल्या आठवड्यात अनुदानाचा एक अर्ज भरत बसले होते. बँकेतून रिटायर झाल्यापासून भांडुपमधल्या एका घरकामगार संघटनेचे हिशेब मी बघते. अर्ज इंग्रजीत असतात, म्हणून तेही माझ्याच गळ्यात. त्यात एक रकाना होता, 'लाभार्थींची संख्या'. शेजारी बसलेल्या मावशींना विचारलं, लाभार्थी किती लिहू? त्या म्हणाल्या, "लाभार्थी कशाला? मेंबर लिहा ना, वर्गणी भरतो आम्ही." मेंबरांसाठी रकाना नव्हता.

सध्या 'केअर इकॉनॉमी', म्हणजे माणसांची काळजी घेण्याच्या कामाचं अर्थकारण, या शब्दाला बरे दिवस आलेत. 29 ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी 2023 मध्ये काळजी आणि आधाराचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. आया, घरकामगार, अंगणवाडी सेविका, आशाताई यांच्या चळवळींसाठी बाहेरचे मोठे निधी पैसे बाजूला काढायला लागलेत. पैसा यावाच. पण तो कशावर खर्च करू देतात, तिथे माझं घोडं अडतं.

आधी आईचं सांगते. आई अडीच वर्षं अंथरुणावर होती. ब्युरोतून, म्हणजे घरी आया पुरवणाऱ्या एजन्सीतून, डे ड्युटीला बाई यायच्या, आठ ते आठ. ब्युरोला आम्ही महिन्याला 21 हजार द्यायचो, त्यातले बाईंच्या हातात 15 पडायचे. हे मला आठ महिन्यांनी कळलं, तेही त्यांच्या मुलीच्या फीचा विषय निघाला म्हणून. डायपर बदलणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं आणि आईच्या शिव्या खाणं, सगळं त्या पंधरात. आई गेली त्या सकाळी आम्ही नातेवाइकांना फोन लावत होतो. तिला पुसून, केस विंचरून, साडी नेसवली ती बाईंनी. दुपारी स्मशानातून परतलो तर त्या जिन्यात उभ्या राहून ब्युरोवाल्याशी हळू आवाजात बोलत होत्या, "दादा, पेशंट गेला. उद्यापासून कुठे आहे का?"

त्या महिन्याचे 11 दिवस भरले होते, ब्युरोनं मोजून 11 दिवसांचे दिले. नोटीस वगैरे प्रकार या धंद्यात नाहीच, पेशंट गेला की नोकरी गेली. आणि आम्हीसुद्धा तेरावं होईपर्यंत त्यांचा विचार केला नाही, हे लिहिताना लाज वाटते. त्यांना शोधत शोधत मी संघटनेच्या खोलीवर पोचले. तिथून सुटले नाही.

खोली म्हणजे चाळीतली दहा बाय बारा. बैठक रविवारी दुपारी अडीचला, कारण त्याआधी कामं आवरत नाहीत आणि साडेचारला नळाला पाणी येतं. म्हणजे हक्कांची सगळी चर्चा दोन तासांत बसवायची. ब्युरोच्या बाया तर त्यातही येऊ शकत नाहीत, त्यांना रविवार नसतोच. यायचं तर खाडा, आणि खाडा म्हटला की पगार कापला.

संघटना करते काय, असं मला एका देणगीदार संस्थेच्या मुलीनं विचारलं होतं. गोड मुलगी, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. मी तिला दाखल्याची गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. मंडळात नोंदणी करायला, ही बाई माझ्याकडे काम करते असा घरमालकिणीचा दाखला लागतो. तो मागितला की मालकीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो. उद्या हिनं पीएफ मागितला तर? घरावर हक्क सांगितला तर? (मी स्वतः आमच्या भांडीवाल्या ताईंच्या कागदावर सही करायला आठ दिवस लावले होते. बँकेत तीस वर्षं सह्या करूनही.) एका दाखल्यासाठी कार्यकर्ती तीन-चार फेऱ्या मारते, वॉचमनशी हुज्जत घालते, लिफ्ट वापरू देत नाहीत म्हणून जिने चढते. मग 2021 च्या कोविड निर्बंधांत राज्य सरकारनं घरकामगारांना 1,500 रुपये जाहीर केले, तेही नोंदणी असलेल्यांनाच. ज्यांच्यासाठी फेऱ्या मारल्या होत्या त्यांच्या खात्यात पडले, बाकीच्या बघत राहिल्या.

या फेऱ्यांना अर्जात रकाना नाही. ट्रेनिंगला आहे. किती महिलांना पेशंट केअरचा कोर्स दिला, किती जणींना सर्टिफिकेट दिलं, फोटो जोडा. कोर्स वाईट नाही हो. पण कोर्स करून ती बाई त्याच ब्युरोत त्याच पंधरा हजारांवर उभी राहते, आणि फायदा ब्युरोचा, त्याला आता 'ट्रेण्ड' बाई मिळाली.

कायद्यांची गंमत वेगळीच. कंपनी कायदा 2013 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, घालावे लागतात. तो पैसा ट्रस्ट, सोसायटी, सेक्शन 8 कंपनी (नफ्यासाठी नसलेली) अशा साच्यातल्या संस्थेला मिळतो. कामगारांची नोंदलेली युनियन त्या साच्यात बसत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी युनियनला खेटून एक ट्रस्ट काढलेला असतो. मोर्चा युनियनच्या नावानं, पंखा ट्रस्टच्या नावानं. परदेशी पैशाचं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, 2020 च्या दुरुस्तीनं कंबरडंच मोडलं. पूर्वी एखादी मोठी संस्था पैसे घेऊन आमच्यासारख्या लहानांना वाटून द्यायची, आता एका संस्थेनं दुसरीला तो पैसा देणंच बंद. आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. प्रशासकीय खर्च म्हणजे काय, तर खोलीचं भाडं, लाइट बिल, हिशेबनीसाचा पगार. मी फुकट काम करते म्हणून भागतं. माझ्यासारखी पेन्शनवाली बाई प्रत्येक वस्तीत कुठून आणणार?

आमचे एक जुने कॉम्रेड आहेत, ते या सगळ्यावर चिडतात. म्हणतात, अनुदानाच्या नादी लागलात की मोर्चा सोडून रिपोर्ट लिहीत बसाल. 1980 मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला तेव्हा कुठला फंड होता? वर्गणीवर उभी राहते तीच संघटना. त्यांचं अर्धं मला पटतं. वर्गणीची पावती हातात असली की बाई खोलीत येऊन भांडते, हिशेब मागते, आणि मागायलाच हवा. पण कॉम्रेड गिरणगावात वाढले. गिरणीला गेट होतं. पगाराच्या दिवशी गेटवर उभं राहिलं की शेकडो माणसं समोरून जायची. घरकामगाराला गेट कुठलं? एक बाई सहाव्या मजल्यावर, दुसरी पलीकडच्या टॉवरमध्ये, तिसरी ऐरोलीला. दहा रुपये वर्गणी आणायला वीस रुपये रिक्षाला जातात. आणि त्याच गिरणगावात खानावळवाल्या बायांना उभं करायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा बँकेचं कर्ज लागलंच होतं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बाया सावकाराच्या तावडीत होत्या, नुसत्या घोषणांनी सुटल्या नसत्या.

मागे एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलात काळजीच्या कामावर परिसंवाद होता. घरकामगारांसाठीचा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) 189 क्रमांकाचा करार 2011 चा, भारतानं बाजूनं मत दिलं पण अजून मान्यता दिलेली नाही, यावर छान भाषणं झाली. आमच्या एक ताई बोलायला गेल्या होत्या. तीन घरचे खाडे करून. त्यांना शाल, श्रीफळ आणि कापडी पिशवी मिळाली. परत येताना लोकलमध्ये म्हणाल्या, "नारळाची चटणी करते. खाडे कशात घालू?"

त्या दिवसापासून प्रत्येक अर्जात मी 'खाडा भरपाई' अशी ओळ टाकते. आतापर्यंत दोनदा खोडली गेली. एकदा कारण दिलं होतं की अशानं बायांना पैसे घेऊन बैठकीला यायची सवय लागेल. परिसंवादाला येणाऱ्या तज्ज्ञांना विमानाचं तिकीट देताना ही सवयीची चिंता कुणाला पडत नाही. या वेळी तीन वर्षांचा पगार दोन कार्यकर्त्यांचा, खोलीचं भाडं, रेल्वेचे पास आणि खाडे, एवढंच मागितलंय. ट्रेनिंगच्या रकान्यात शून्य लिहिलं. बघू.

अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. दुसरं म्हणजे खोलीच्या मालकांना जूनपासून जागा परत हवी आहे. भांडुप, कांजूर, विक्रोळी पट्ट्यात कुणाच्या सोसायटीचं ऑफिस किंवा शाळेचा वर्ग रविवारी दुपारी अडीच ते साडेचार मिळण्यासारखा असेल तर इनबॉक्स करा. पंखा हवा, बाथरूम हवं, आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा की या बाया मीटिंगला आल्यात, कामाला नाही.